बाबांच्या यार्डाखालची फळी

माझ्या दादाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायची घाईही नाही.

बाबांची सगळी नोकरी सिकंदराबादला रेल्वेत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला: मीटरगेजच्या काळातलं आपलं यार्ड, छोटे रूळ आणि छोटी गाडी यांच्यासकट, खेळण्याएवढ्या प्रतिकृतीत बरकतपुऱ्याच्या घरात उभं करायचं. त्यातच डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे काय करायचं ते आत्ताच.

रूळ जिच्यावर बसवायचे ती फळी सपाट हवी, नाहीतर गाडी घसरते. बाबा म्हणाले होते, जाड प्लायवूड आणा, खाली सागवानी पट्ट्यांची चौकट ठोकू. दादा नामपल्लीला गेला आणि एमडीएफ घेऊन आला. लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. दिसायला गुळगुळीत, पण पाणी लागलं की संपली. मी तसं बोलले तर म्हणाला, "घरात कुठलं आलंय पाणी? तू कायको टेन्शन घेतीस?"

गणपती आठवड्यावर आले होते. आमच्याकडे नवी वस्तू आधी देवाला. आईने कापड अंथरून मूर्ती थेट त्या फळीवर बसवली. मी नको नको म्हणत होते, पण बाबांनीच मान डोलावली. पाच दिवस कलश, पंचामृत, पळीपळीने पाणी. विसर्जनानंतर कापड काढलं तर फळी मधोमध पावासारखी फुगलेली.

माझं डोकंच फिरलं. "देवाच्या कामी आली ना," आई म्हणाली. दादा म्हणाला, "दुसरी आणू की. फळीच तर आहे!" फळी दुसरी येईल रे, डोळे कुठून आणणार आहेस? बाबा समोर होते म्हणून एवढं वाक्य मी गिळलं. बाकी तोंडाला येईल ते बोलले आणि फळी उचलून बाहेर फेकायला निघाले.

बाबांनी हात आडवा घातला. फळी पुन्हा खाली ठेवायला लावली आणि नाक टेकेल इतकं वाकून ती नीट बघितली.

"उगीच भांडताय," ते म्हणाले. "कुठे फुगलीय? चांगली सपाट तर आहे. पेन्सिल दे, मेन लाइन मधूनच नेऊ."