कोळशाचं बोट, चुन्याचं बोट

पुण्याहून निघताना मी मागच्या खोलीत आत्यासाठी खाट टाकून ठेवली होती. ती पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटालगतच्या वाडीत एकटी राहते. तिला झोपताना प्राणवायूचं मशीन लागतं. वाडीला खालून येणारी विजेची लाइन आहे, एका संस्थेनं उभारलेली छोटी पवनचक्की आहे आणि सात घरांत मिळून बॅटऱ्या. वर्षात लाइन किती दिवस जाते, चक्की किती दिवस थांबते, हे फोनवर विचारून मी बेरीज केली. आकडा पाहिला आणि आत्याला घेऊनच यायचं ठरवलं.

घाटातल्या वळणावर उतरलो. "यष्टी इथवरच. पुढं पाय हायत ना?" कंडक्टर हसला. अर्ध्या चढावर चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट एक पाय अनवाणी चढलो.

आत्यानं नाचणीची भाकरी आणि पिठी (कुळथाचं पातळ कालवण) वाढली.

"न्यायला आलास? मी नाय येत. माझ्या शेळ्या कुठं बांधशील, गच्चीत?"

मी वही काढली. तिनं गोठ्याची भिंत दाखवली, तिच्यावर वर्षभराच्या दिवसांच्या ओळी. लाइन गेली त्या दिवशी कोळशाचं बोट, चक्की थांबली त्या दिवशी पानाच्या डबीतल्या चुन्याचं. कोळशाची बोटं पावसाळ्यात दाटलेली, चुन्याची उन्हाळ्यात.

"वादळात झाड पडून तार तुटते रे. तवा चक्की गरगरत असते. वारा पडल्यावर तार कोण तोडील?"

माझी चूक कळली. बेरीज करायचीच नव्हती. दोन्ही बोटं एकत्र उमटलेले दिवस मोजायचे होते. ते दोनच निघाले.

"त्या दोन दिवशी काय केलंस?"

शेजारची सखू मध्येच म्हणाली, "बॅटरी व्हती की! सातही घरांतले टीव्ही मी बंद केले. नवरा वरडला, मॅच हाय गो! म्हटलं, मॅच उद्या बी लागंल, आत्या कुठनं आणू?"

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी लाइन आणि चक्की दोन्हींची जोडणी तोडायला लावली, वाडीतले टीव्ही बंद ठेवले आणि मशीन बॅटरीवर सोडलं. दुपारी चारलाही ते चालू होतं. आत्या झोपते सात तास.

"झालं का तुझं? शेळ्या खोळंबल्यात," ती म्हणाली.

पण दोन दिवस म्हणजे शून्य नव्हे. म्हणून खाली उतरल्यावर महाडहून प्राणवायूचं भरलेलं एक सिलिंडर वर पोचवायची सोय केली. मग बायकोला फोन करून सांगितलं, खाट उचल.

परतीच्या एसटीतून चक्की दिसली. पातं हलत नव्हतं. मी खिडकी लावून घेतली आणि पुण्यापर्यंत झोपलो.