अंगठा लागत नाही!

किस्से गोळा करायला मी कुठे जात नाही. सकाळी शटर वर केलं की तेच रांग लावून उभे असतात! आरोंदा गावात मी बँकेची मशीनवाली. अंगठा लावा, पैसे घ्या. लाल दिवा लागला, म्हणजे ठसा जुळला नाही, की शिव्या मलाच!

*

बाबीकाकांना औषधाला पैसे हवे होते आणि अंगठा काही लागेना. "थांब," म्हणाले, आणि मशीनपुढे हात जोडून, देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या मशीनीक रेंज दी रे म्हाराजा!"

मागची अख्खी रांग ओरडली, "व्हय म्हाराजा!"

हिरवा दिवा! तेव्हापासून सर्व्हर डाऊन असला तरी लोक मलाच दटावतात, "गाऱ्हाणा घाल आधी!"

*

शेवंतीमावशी मासळी विकून थेट आली. म्हटलं, "मावशी, हात धुऊन या."

"धुतलंय गो! माका काय लग्नाक जावचा आसा?"

अंगठा लागला, पैसे मिळाले. ती गेल्यावर मांजर काउंटरवर चढून मशीन चाटत बसलं!

*

सुरेखाचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ती फॅक्टरीत काजू फोडायची. टरफलाच्या तेलाने कातडी जाते, दहाही बोटं गुळगुळीत. पगार आता हातात नाही, खात्यात. माझ्याकडे दर वेळी लाल! शाखेत जावं तर कामावर खाडा.

तरी एकदा गेली. साहेब म्हणाले, "थोडे दिवस काजू बंद ठेवा, ठसे परत येतील."

"साहेब, कामावर गेले तर ठसा जातो. ठसा आणायला बसले तर काम जाईल!"

साहेबांनी पुढचा टोकन नंबर पुकारला.

*

शेवटी सुरेखा बसली घरी, बोटांना खोबरेल चोळत. काही आठवड्यांनी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच धास्ती. एवढं करून नाहीच लागला तर?

लागला! हिरवा! मी टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात एक पोरगी आत आली. "खाता उघडूचा आसा. काजू फॅक्टरीत लागलंय. कोण सुरेखा म्हणान होती, तिच्या जाग्यार माका घेतल्यानी."

सुरेखा बाजूला सरकली. पोरीने अंगठा ठेवला. पहिल्या फटक्यात हिरवा.

सुरेखाने तिचा हात हातात घेतला, अंगठा उजेडात धरून बघितला.

"बरो आसा गो," म्हणाली. "माझोय असोच होतो."