घरची दारू

गिरणी बंद पडली आणि आमच्या मुलुंडच्या चाळीत घरोघरी चहा कोरा झाला. शेजारचे काकाही घरी बसले. त्यांच्याकडे बारीक नळीची, छऱ्यांची, लायसनवाली बंदूक होती आणि नेमबाजीचा नाद होता. नवी काडतुसं परवडेनात, म्हणून ते वापरलेली घरीच पुन्हा भरू लागले.

काकू हाक मारायच्या, "अहो, दारू भरून झाली असेल तर जेवून घ्या." नवे भाडेकरू दचकायचे. माझ्या आईनेही बजावलं होतं, "घरातला पहिला ग्रॅज्युएट होणारेस तू. त्या दारात उभा राहू नकोस." मी राहिलो, तेव्हा कळलं की ही दारू बंदुकीची.

भरताना कुणी बोललं, की काका ते काडतूस रिकामं करून पहिल्यापासून सुरुवात करत. "हात चुकला नसेल रे, पण लक्ष गेलं ना."

एका क्लबात मातीच्या उडत्या चकत्या फोडायची स्पर्धा होती. तिथल्या सेक्रेटरीने काकांना अट घातली, "घरचं एक जरी काडतूस फुसकं निघालं, तर तुम्ही बाद."

बाजूला उभ्या असलेल्या एका नेमबाजाने आपला विलायती काडतुसांचा डबा पुढे केला. "काका, वाट लागेल हां. हे घ्या."

"ठेव तुला. मी घरची दारू आणलीय."

सगळे हसले. मग चकत्या उडू लागल्या आणि फुटू लागल्या, तसं हसू थांबलं. एकही काडतूस फुसकं निघालं नाही.

गिरणीतून घरी बसलेल्या आमच्या काकांचा त्या स्पर्धेत पहिला नंबर आला.