उंबऱ्यावरची तिसरी

दोन हजार तेवीस साल. माझं वय सदुसष्ट. कल्याणच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीपुढं मी उभा. आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "आजोबा, सही येते की अंगठा?"

मागं रांग. सगळी पोरंपोरी. कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मोठ्यानं हसणाऱ्याला शिवी तरी देता येते.

मी म्हटलं, "येते."

"मग बरंय. शाईचा पॅड वाळलाय आमचा."

माझ्याबरोबर नात होती, श्रुती. तिनं माझी बाही धरली. तिला माझा स्वभाव माहिती. पण मला आधी काम करून घ्यायचं होतं.

काम म्हणजे माझाच प्रवेश. घरी बसून शिकता येतं अशा विद्यापीठाचं केंद्र त्या कॉलेजात होतं. वयाची अट नाही, हे श्रुतीनं मोबाइलवर वाचून दाखवलेलं. मला मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. नोकरीसाठी नाही. जन्मात माझं नाव रेशन कार्डावर लागलं, कंपनीच्या पंचिंग कार्डावर लागलं, मतदार यादीत लागलं. शाळेच्या पटावर कधी लागलं नाही. मरायच्या आधी एकदा लागावं, एवढंच होतं.

भिंतीवर बोर्ड होता. कुठल्या विद्यार्थ्याला काय लागतं त्याचा. बारावी पास असेल त्याला गुणपत्रिका. परराज्यातून आलेल्याला तिकडच्या बोर्डाचं प्रमाणपत्र. शिक्षण मधेच सुटलेल्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि पूर्वपरीक्षा. शेवटी, कधीच शाळेत न गेलेला. त्याला फक्त पूर्वपरीक्षा आणि स्वतःचं लेखी निवेदन. पूर्वपरीक्षा मी आधीच पास झालो होतो.

"तुम्ही कशात?" बाईंनी विचारलं.

"शाळा मधेच सुटली. तिसरी झालीय."

"मग दाखला द्या."

"दाखला नाही."

"तिसरी झाली तर दाखला असणार. दाखला नाही तर तिसरी झाली नाही. सोपंय." त्यांनी एक छापील कागद सरकवला. "शेवटच्या प्रकारात बसता तुम्ही. इथं सही करा. आज शेवटचा दिवस आहे, लोकांना खोळंबवू नका."

मी कागद वाचला. 'मी कधीही कोणत्याही शाळेत गेलेलो नाही, हे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो.'

"वाचता येतं की तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"शाळेत शिकलो," मी म्हटलं.

आता ते सांगतो.

आमचं गाव साताऱ्याकडचं. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. तोवर आम्ही बौद्ध झालो होतो, पण ते आमच्यापुरतं. गुरुजींसाठी आम्ही होतो तेच होतो. बापानं मला शाळेत नेला. गुरुजी म्हणाले, "बसू दे उंबऱ्याला. नाव कशाला घालायचं? मामलेदार व्हायचाय का?" बापानं हात जोडले. बसू दिलं हेच त्याला मोठं वाटलं.

तर मी उंबऱ्याला. माझ्या पुढं पोरं, माझ्या मागं पोरांच्या चपला. सकाळी शाळा झाडायचं काम माझं. मग हजेरी. एकेकाचं नाव यायचं, एकेक पोरगं म्हणायचं, हजर गुरुजी. माझं नाव यायचं नाही. एकदा सगळ्यांचं संपलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर गुरुजी."

वर्ग हसला. गुरुजी उठून आले.

"तुला कुणी हाक मारली?"

कुणीच मारली नव्हती. खरंच होतं ते. छडी पाठीवर बसली. ती विसरलो. तो प्रश्न नाही विसरलो.

शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी मला गुरुजींच्या म्हशीमागं पाठवायचे. साहेब डोकी मोजायचे. डोकी पटाशी जुळायला हवीत, एक जास्त झालं तर सांगायचं काय? म्हणून मी ओढ्यात म्हैस धूत बसायचो आणि तिकडं शाळेला शेरा मिळायचा, उत्तम.

असं तीन वर्षं. उंबऱ्यावरून फळा तिरका दिसतो. तिरकाच वाचला. बेरीज, वजाबाकी, जोडाक्षरं, सगळं तिथनंच. मग बाप गेला आणि मी चुलत्याबरोबर इकडं आलो, विठ्ठलवाडीला.

एवढं सगळं मी खिडकीत कुठं सांगणार? तरी सांगायला लागलो. तुटक तुटक. बाईंनी पेन आपटलं आणि आत हाक मारली, "सर, जरा बघा हो. आजोबा ऐकत नाहीयेत."

सर आले. तरुण, स्वच्छ, गोड बोलणारे. त्यांनी मला आत नेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं, हा माणूस ऐकेल. ऐकलंही त्यांनी. मान हलवत ऐकलं.

मग म्हणाले, "काका, मला वाईट वाटतंय. पण पटावर नाव नाही म्हणजे कायद्यानं तुम्ही शाळेत गेलाच नाहीत. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात काय आहे मग?"

ते हसले. "तुमची अॅडमिशन आहे ना. एक सही करा, पाच मिनिटांत देतो." मग पुढं वाकले. "आणि खरं सांगू का, तुमच्यासाठी हे चांगलंच आहे. कधीही शाळेची पायरी न चढलेले आजोबा पदवीला बसतात, केवढी प्रेरणा आहे. आपण फोटो काढू. पेपरला देऊ. नात पण येऊ दे फोटोत."

त्यांनी मोबाइल काढलासुद्धा. शिपायाला म्हणाले, मागचा पंखा दिसू देऊ नकोस. मला म्हणाले, "काका, पेन हातात धरा. पहिल्यांदा धरल्यासारखं."

मी पेन धरलं होतं.

श्रुती माझ्या कानाशी आली. "आबा, करून टाका ना. कोण बघतंय? आपल्याला माहितीये ना तुम्ही शिकलाय ते."

तिचं चुकलं नव्हतं. बोर्डावर सगळ्यांसाठी जागा होती. परराज्यातला, नापास, मधेच सोडलेला, निरक्षर. शाळेत गेलेला पण शाळेनं न धरलेला, असा प्रकारच नव्हता. सही केली तर मी कॉलेजात. नाही केली तर बाहेर. मधे उभं राहायला उंबराही नव्हता.

गुरुजींनी माझं नाव घातलं नाही, तो त्यांचा गुन्हा. आता कॉलेजवाले त्यावर माझी सही मागत होते. सत्यप्रतिज्ञेवर.

मी पेन खाली ठेवलं.

"मी शाळेत गेलेलो," मी म्हटलं. "हे कागदावरचं खोटं आहे. खोट्यावर सही नाही करणार."

सरांचा गोडवा तेवढ्यात आटला. "मग तुमची मर्जी. उगाच वेळ घालवलात." मोबाइल खिशात गेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तरी मी म्हणतेय, या वयात कशाला नसते उद्योग. नेक्स्ट."

आम्ही बाहेर आलो. गेटजवळ फुटपाथच्या कडेला बसलो. श्रुतीनं बाटली पुढं केली. मी ती बाजूला ठेवली. एक सही काय, तिथं चार ओळी खरं लिहायची सोय असती तर मी लिहिल्या असत्या. तेवढा रकाना कुणी छापला नव्हता. भांडायचं तरी कुणाशी? गुरुजी कधीच मेले. बाई पगारावर. सरांच्या हातात काही नाही.

"एक वर्ष गेलं ना तुमचं आबा," श्रुती म्हणाली. तिचे डोळे भरलेले.

"एक जाऊ दे," मी म्हटलं. "शाळेतली पहिली तीन मागत होते गं ते."

घरी मुलगा म्हणाला, "बाबा, झालं ते बरं झालं, आराम करा." मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. पांढरा शर्ट घातला, इस्त्रीचा. आमच्या चाळीमागं महापालिकेची शाळा आहे. पोरं प्रार्थनेला रांगा करत होती. मी चौथीची रांग विचारली आणि तिच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

पुढची पोरगी वळली. "तुम्ही नवीन सर काय?"

"नाही. चौथीत आहे."

तिनं मला वरून खाली बघितलं. "दप्तर कुठंय मग?"

तेवढ्यात चौथीच्या बाई आल्या. हातात हजेरी. "आजोबा, कुणाला सोडायला आलात?"

"कुणाला नाही. माझी तिसरी झालीय. चौथीत नाव घाला."

त्या हसल्या नाहीत. बिचाऱ्या गोंधळल्या. "असं नाही हो होत आजोबा. वय बसत नाही. दाखला लागतो."

"माहितीये," मी म्हटलं. "नाही होत, तर माझं नाव घेऊन सांगा, की तुला घेत नाही. मी हजर आहे."

प्रार्थना सुरू झाली. मी रांगेतून हललो नाही.