कुलूपबंद मेल आणि लोणचं

माझं मराठी टायपिंग कच्चं, म्हणून मेल पाठवायला मी हदगावच्या बसस्टँडसमोरच्या कंप्युटरवाल्याकडे जातो. हा गडी प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत टाइप करतो. त्यामुळे माझा बदलीचा अर्ज साहेबांच्या आधी शेजारच्या चहावाल्याला कळला. मी तक्रार केली तर हसला.

"सर, ह्यो मेल कुलूप लावून जातो. किल्ली फक्त समोरच्यापाशी. मधात कंपनीला बी वाचता येत न्हाई!"

हेसुद्धा अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं.

मागच्या महिन्यात खेड्यावरून एक मावशी आली. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात, म्हणून पुण्यातल्या लेकीला मेल करायचा होता. ती कंप्युटरवाल्याच्या कानाशी कुजबुजत राहिली. तो ओठ घट्ट मिटून टाइप करत होता. घामाघूम झाला बिचारा.

"काय लिवून राहिला रे?" चहावाल्यानं विचारलंच.

"लोणच्याचं प्रमाण धाडून राहिलो!" तो गरजला.

मावशीनं काय लिहिलं, मला आजही माहीत नाही. पण आठवड्यानं ती परत आली आणि सगळ्यांदेखत त्याच्या टेबलावर लोणच्याची बरणी ठेवून गेली.