बिकानेरची कोरडी हवा

सारा मारवाड तांब्या-दोरी घेऊन पोट भरायले वऱ्हाडात आला, आन् आमच्या घरचा शहाणा वऱ्हाड सोडून मारवाडात राहायले निघाला. हे मी तवाही बोलली होती, ह्यांच्या तोंडावर. "तुले काय समजते?" असं उत्तर मिळालं. लग्नापासून तेच मिळत होतं, म्हणून मले काही नवल वाटलं नाई.

आमचे हे अमरावतीले कमिशनर कचेरीत दफ्तर सांभाळत. उन्हाळा लागला का साहेब लोकं चिखलदऱ्यावर हवा खायले जात, आन् हे खाली बसून फायलींची धूळ खात. त्या धुळीनं म्हणा का नशिबानं म्हणा, दमा जडला. श्रावणात दोन पायऱ्या चढले का छाती बाजाच्या पेटीसारखी वाजे. पण मनात एकच घोकणी, पेन्शन झाली का आपणही साहेबासारखं हवा खायले जायचं. चिखलदऱ्याले डॉक्टरनं नाई म्हटलं. तिथली ओल तुमाले मारन, कोरड्या हवेत राहा म्हणे. आता मले सांगा, आमच्या अकोल्यापरीस कोरडं गाव कोणतं हाय? वैशाखात कावळाही झाडाखालून हलत नाई. पण घरच्या कोरड्यात इज्जत कुठून येणार?

मी पातूरच्या माळ्याची पोर. वांगी, मिरची, झेंडू यांच्यात वाढलेली. अकोल्याच्या जठारपेठेत आमचं घर होतं, मागं विहीर आन् बाडी. अमरावतीहून सुट्टीत येऊन येऊन मी तिथं लिंबोणीची सात झाडं लावली होती, आन् ह्यांची पेन्शन झाली त्याच साली झाडांनी पहिला बहर धरला. आता इथं बसायचं, भाजी लावायची, लिंबं तोडायची आन् इथंच मरायचं, एवढंच माझं मागणं होतं. देवाजवळ यापरीस जास्त मी कधी मागतलं नाई.

तेवढ्यात शेजारचा कापसाचा सेठ येऊन बसला. "म्हारे देस की हवा अमृत है, बाबूजी. हवेली खाली पडी है. जाके राजा जैसे रहो."

मी आतून विचारलं, "मग तुमी काहून नाई जात, सेठजी?"

सेठ हसला. "भाभी, धंदा!"

चाळीस वर्षांत लग्नकार्याबिगर ज्यानं तिकडं तोंड केलं नाई, तो अमृत वाटून राहिला होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो ऐकला होता, आता ओसरीवर बसून चहा पेताना पाह्यला. सेठनं किल्ली देली आन् संगं कामं सांगतली. कबुतरांले रोज दाणे टाकायचे, देवीपुढं दिवा लावायचा, सोळा खोल्यांची झाडलोट करायची, भुरट्यांवर नजर ठेवायची. मी म्हटलं, "अवो, हे हवा खाणं नाई, बिनपगारी चौकीदारी हाय." त्यावर काय उत्तर मिळालं ते तुमाले आता सांगायले नको.

भुसावळ, खंडवा, अजमेर, पुढं आणखी गाड्या बदलत बदलत बिकानेरले पोचलो. शहर मोठं, खोटं काहून बोलू? लाल दगडाच्या जाळीदार हवेल्या, राजाचा महाल, त्याच्याकडं शिकारीले येणारे गोरे पाहुणे. आमचे हे टोपी घालून, काठी घेऊन, महालापुढून रोज असे फिरत जसे राजानं ह्यांलेच बोलावणं धाडलं. अकोल्याले पत्रं जात, 'इकडे स्वर्ग आहे.' तो स्वर्ग दुपारी पिवळी आंधी होऊन घरात घुसे. पोळीत रेती, डोळ्यांत रेती, देवीच्या तोंडात रेती. हवा खायले आलो आन् रेती खाऊन राहिलो. भाजी म्हणावं तर वाळल्या शेंगा. माळ्याच्या पोरीच्या ताटात काड्या! पहिल्या दिवशी मी रडली, सांगायले लाज कशाची?

पण एक गोष्ट खरी. दोन महिन्यांत ह्यांची धाप गेली. छातीची पेटी बंद पडली. हे गल्लीच्या या टोकाहून मले हाक मारत ते त्या टोकाले ऐकू जाई. मले ते दिसत होतं, पण मी तोंडातून काढलं नाई. काढलं असतं तर माझी लिंबोणी गेलीच होती.

मग अखजी आली. अक्षय तृतीयेले आमच्या घरची रीत अशी का पितरांचं एकेक नाव घ्यायचं आन् एकेक तांब्या पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं. हवेलीत झाड नव्हतं. अंगणाखाली टाकं होतं, सालभर पुरवायचं पावसाचं पाणी त्यात साठवलेलं. पुढचा पाऊस अजून दोन महिने दूर. तिथल्या बायका एका तांब्यात तोंड धूत, तेच पाणी मग अंगणाले, तेच गाईले. आन् आमचे हे सकाळी सोवळं नेसून दारापुढं रेतीत घागरी भरून बसले! दफ्तरी माणूस, एक नाव सोडन तर शपथ. आजा, पणजा, पणजाचा बिनलग्नाचा भाऊ, अशी सतरा नावं. सतरा तांबे धो धो रेतीत. नाव तोंडातून निघेस्तोवर पाणी गायब, मागं ओलावाही नाई. गल्ली गोळा झाली. कोणाच्या बापाचं श्राद्ध मोडावं असं कोणाले वाटन? पण त्या बायकांचे डोळे मी पाह्यले. विहिरीवर मोट चालणाऱ्या गावची मी, त्या दिवशी मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारची म्हातारी जवळ आली. पाणी भरता भरता तिची बोली मले समजू लागली होती, ह्यांले अक्षरही येत नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं, कानात काही सांगतलं आन् गेली.

"काय म्हणते ती?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ती म्हणते, तुमी इथं मेल्यावर तुमाले पाणी कोण टाकन?"

आमाले एकच पोरगी, ती अमरावतीले देलेली. हे हातातला रिकामा तांब्या पाहात बसले. जन्मात पहिल्यांदा 'तुले काय समजते' म्हणाले नाईत. पंधरा दिवसांत किल्ली सेठच्या हाती देली. जठारपेठेत उतरलो तवा लिंबोणीले फळ लगडलं होतं, आन् मी बेशरम, झाडाले मिठी मारून हसली.

त्या श्रावणात पेटी पुन्हा वाजू लागली. दुसऱ्या श्रावणात थांबली.

आता अखजीले मी ह्यांच्या नावानं लिंबोणीच्या मुळाशी तांब्या ओतते. बाईनं ओतू नये म्हणतात. म्हणोत. काळी माती पाणी पेते आन् सांजेपर्यंत ओली राहते, ते पाहात मी बसते. पोरगा आमाले अकोल्यातही नव्हता. शेवटी पाणी टाकणारी मीच, आन् ते तर मी बिकानेरातही टाकलं असतं. एवढा दफ्तरी माणूस, एवढी साधी गोष्ट ह्यांले कशी सुचली नाई म्हणून मले आजही राग येते.

आन् म्हातारी तसं काही बोललीच नव्हती. ती म्हणाली होती, "पाणी बेतानं टाक, बेटी. पण याले आता इथून नेऊ नको. आला तवा याचा जीव घशात होता, आता पाह्य कसा गाजते." हे मी ह्यांले कधीच सांगतलं नाई.