हेडचे आटे

माझे मामा शाळेतून हेडसर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचं हेडपण काही निवृत्त झालं नाही. गल्लीत त्यांना अजून हेडसरच म्हणतात, घरात तर विचारायलाच नको. त्यांना एकच नाद, घट्ट करण्याचा. नळ, डब्यांची झाकणं, पंख्याचे स्क्रू, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. त्यांनी बंद केलेली बाटली उघडायला मामी शेजारच्या व्यायामशाळेत जायची.

मामीला बावन्नाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी लागली. काम कारखान्याच्या दवाखान्यात केसपेपर लिहायचं. येत्या सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर यादीतली पुढची बाई तयारच होती. तिकडे बस जात नव्हती, म्हणून मामी हट्टानं मोटरसायकल शिकली. आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी चढावर धापा टाकू लागली, इंजिनातून फुसफुस आवाज येऊ लागला.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवू, असं मामी म्हणाली. मेकॅनिक लोक धडधाकट गाडी आजारी पाडतात, हे मामांचं ठाम मत. रविवारी सकाळी त्यांनी मला मदतीला बोलावलं, इंजिनाच्या स्पार्क प्लगभोवती साबणाचं पाणी सोडलं आणि किक मारली. भराभर बुडबुडे आले. निदान अगदी बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. प्लगखालचा वॉशर चेपला होता आणि तिथून हवा निसटत होती.

मामांनी जागा स्वच्छ पुसली, नवा वॉशर घातला, प्लग आधी हातानं बसवला आणि मग पान्यानं अर्धा फेरा दिला. याच्यावर केसभरही आवळायचं नाही, असं मला बजावलं. मी मान डोलावली. पण त्यांच्या हाताला राहवेना. "अजून थोडं," म्हणाले, आणि आत कट्कन आवाज झाला. त्यानंतर प्लग नुसताच गोल गोल फिरू लागला. मामाही पाच मिनिटं तो फिरवत राहिले, कारण मी बघत होते.

मग हात धुऊन त्यांनी मामीला समजवायला घेतलं. रस्ता लांबचा, पगार तो केवढा, या वयात दगदग कशाला. बिघाड गाडीत झाला होता, खोट मात्र नोकरीत निघाली. माझं डोकंच फिरलं. मामीनं चपला घातल्या आणि गाडी ढकलत निघाली. मी मागून जोर लावला.

मेकॅनिकनं वाकून पाहिलं. "हेडचे आटे गेलेत," तो म्हणाला.

"ते मला तीस वर्षांपासून माहीत आहे," मामी म्हणाली. "गाडीचं सांगा."

तो बिचारा इंजिनाच्या हेडबद्दलच बोलत होता. प्लग ज्या भोकात बसतो, तिथले आटे साफ उडाले होते. त्यानं नवे आटे पाडून आत धातूच्या नळीसारखा बुश बसवला आणि संध्याकाळी गाडी दिली.

सोमवारी सव्वासातला मामी गेली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. मी मामांना चहा करून दिला. त्यांचं वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं, तरी साडेआठच वाजले होते.

"ही पाचला येणार," ते म्हणाले. "तोवर माणसानं घरात करायचं काय?"

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला हसू आलं नाही. तीस वर्षं मामा सकाळी सातला शाळेत जात आणि सहाला परत येत. तेवढ्या वेळात मामी घरात काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.